थायरॉइडची गोळी, सकाळचा चहा आणि टीएसएचचा रिपोर्ट: रोजचं गणित कसं बसवायचं

थायरॉइड कमी काम करतंय असं कळलं की पहिले चार दिवस माणूस घाबरतो आणि नंतर एकदम दुर्लक्ष करतो, कारण गोळी छोटीशी, स्वस्त, दिवसातून एकदा, त्यात काय एवढं. मीही तेच केलं. मला २०१२ मध्ये कळलं, धाकटी आठ महिन्यांची होती, केस मुठीमुठीने जात होते, भर मे महिन्यात मला शाल लागायची आणि सगळे म्हणायचे बाळंतपणानंतर होतं असं. थायरॉइडच्या रक्ततपासणीतलं टीएसएच निघालं ३८, खरं तर ते साडेचारच्या आसपासच हवं. पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, मग पंचाहत्तर, मग शंभर, मग एकशे बारा, दोन वर्षं नुसता डोस चढत गेला आणि टीएसएच मात्र नऊ-दहाच्या खाली यायला तयार नाही. शेवटी एका डॉक्टरबाईंनी रिपोर्टांची फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, "गोळी घेतल्यावर पुढचा एक तास तुम्ही काय काय तोंडात टाकता ते सांगा." मी सांगितलं, दहा मिनिटांनी चहा, मग नाश्ता आणि त्यावर लगेच बाळंतपणानंतर चालू असलेली कॅल्शियम आणि लोहाची गोळी. त्या म्हणाल्या, मग गोळी पोटात जातेय पण रक्तात पोचतच नाहीये.

म्हणून हे लिहायला घेतलं. डोस वाढवायच्या आधी आपली सवय तपासायची, एवढंच मला सांगायचंय, पण ते नीट समजायला टेस्टपासून सुरुवात करावी लागेल.

आधी टीएसएच म्हणजे काय ते, कारण निम्म्या लोकांचा इथेच गोंधळ होतो. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी ग्रंथी असते ती थायरॉइड, ती टी४ आणि थोडं टी३ बनवते आणि शरीराचा एकूण वेग त्यावर चालतो, म्हणजे पचन, हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, पाळी, मूड, सगळं. टीएसएच मात्र ती ग्रंथी बनवत नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी बनवते. दार उघडत नसेल तर बाहेरचा माणूस कडी जोरजोरात वाजवतो ना, टीएसएच म्हणजे ती कडी. थायरॉइड सुस्त पडलं की पिट्युटरी जोरात कडी वाजवते, म्हणून काम कमी पण टीएसएचचा आकडा जास्त. माझ्या जाऊबाई कितीतरी दिवस समजत होत्या की "माझा थायरॉइड वाढलाय" म्हणजे जास्त काम करतोय आणि त्यांनी त्या हिशोबाने नेटवरचं उलटंच पथ्य सुरू केलं होतं. तर टीएसएच जास्त म्हणजे थायरॉइड कमी, हे आधी पक्कं करा.

बहुतेक लॅबमध्ये नॉर्मल साधारण ०.४ ते ४.५ च्या आसपास छापलेलं असतं, लॅबप्रमाणे थोडं इकडेतिकडे. टीएसएच जास्त आणि फ्री टी४ (म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं टी४) कमी असेल तर सरळ हायपोथायरॉइड, म्हणजे कमी काम करणारं थायरॉइड. टीएसएच जास्त पण फ्री टी४ नॉर्मल, याला सबक्लिनिकल म्हणतात, आणि इथे घाई करायची नाही. एकदा टीएसएच ६ आलं म्हणून लगेच जन्मभराची गोळी सुरू झाली असं मी खूप जणींचं बघितलंय. अशा वेळी साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट करतात कारण बऱ्याच जणांचं ते आपोआप खाली येतं. १० च्या वर गेलं तर बहुतेक डॉक्टर औषध सुरू करतात, ४.५ ते १० च्या मधे असेल तर वय, त्रास, मूल हवंय का, अँटी टीपीओ (थायरॉइडवर उलटणाऱ्या अँटीबॉडीची टेस्ट) पॉझिटिव्ह आहे का हे बघून ठरवतात. सत्तरीच्या पुढच्या माणसात टीएसएच थोडं जास्त असणं वयाचाच भाग असू शकतो, म्हणून आजीचं ६ आणि नातीचं ६ यात फरक असतो. आजीला उगाच जास्त डोस दिला तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं ठिसूळ होतात, हे लक्षात असू द्या.

अँटी टीपीओ ही टेस्ट एकदा करून ठेवा, पुन्हापुन्हा करायची काही गरज नाही. ती पॉझिटिव्ह असली तर कारण बहुधा हाशिमोटो, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या थायरॉइडवर उलटते. हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली याचं वर्णन केलं, त्यांचंच नाव पडलं. त्या अँटीबॉडीचा आकडा ६०० वरून ४०० झाला म्हणून औषध बदलत नाही, त्यामुळे दर वेळी त्यावर पैसे घालवू नका. तसंच टोटल टी३, टोटल टी४, सोनोग्राफी हे दर वेळी लागत नाही, गोळी चालू असलेल्या माणसाला बहुतेक वेळा टीएसएच आणि गरज पडली तर फ्री टी४ पुरतं. गळ्याला गाठ लागत असेल, एका बाजूला सूज असेल, गिळायला अडत असेल तर सोनोग्राफीचं वेगळं, ती करायलाच हवी.

आता रक्त कधी द्यायचं. टीएसएचसाठी उपाशी असायलाच हवं असं नाही, पण ते दिवसभरात बदलतं, रात्री चढतं आणि दुपारी उतरतं. त्यामुळे एकदा सकाळी सातला आणि एकदा दुपारी तीनला दिलं तर दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. मी दर वेळी सकाळी साडेसात ते आठ, तीच लॅब, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर. टीएसएचवर त्या दिवशीच्या गोळीने फरक पडत नाही पण फ्री टी४ गोळी घेतल्यावर काही तास वर दिसतं, म्हणून गोळी पर्समध्ये ठेवायची, रक्त दिलं की तिथेच पाण्याबरोबर घ्यायची, म्हणजे विसरतही नाही. ताप असेल, डेंग्यू होऊन गेला असेल, हॉस्पिटलमधून नुकते घरी आला असाल तर डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय टेस्ट करू नका. मोठ्या आजारपणात आकडे हलतात आणि नंतर जागेवर येतात.

आणि बायोटिन! हे कोणीच सांगत नाही. केस गळतात म्हणून आपण केसांच्या गोळ्या घेतो, त्यात बायोटिन भरपूर असतं, आणि बऱ्याच लॅबमधल्या मशीनची टेस्टची पद्धतच अशी असते की रक्तातलं बायोटिन तिला फसवतं. टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि टी४ खोटंच जास्त, म्हणजे रिपोर्ट बघून वाटतं डोस जास्त झालाय, मग डोस कमी होतो, मग केस अजून गळतात, मग अजून बायोटिन. माझ्या मैत्रिणीचं हे चक्र सहा महिने चाललं. टेस्टच्या आधी निदान दोन दिवस, मी तर म्हणेन तीन दिवस, केसांची, नखांची गोळी बंद ठेवा आणि काय घेताय ते लॅबला आणि डॉक्टरांना सांगा.

आता गोळी. औषधाचं नाव लिव्होथायरॉक्सिन, आपल्याकडे थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स अशा नावांनी मिळतं. हे तेच टी४ आहे जे आपली ग्रंथी बनवते, बाहेरून दिलेलं. त्यामुळे "हार्मोनची गोळी आहे, सवय लागेल" असं जे शेजारपाजारचे म्हणतात त्यात तथ्य नाही, जे शरीरात कमी पडतंय तेच भरून काढतोय आपण. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरांनी एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला, तिचा आजार खूप पुढे गेलेला होता, आणि ती त्यानंतर २८ वर्षं जगली. हे वाचलं तेव्हापासून मला माझ्या गोळीबद्दल फार कृतज्ञ वाटतं, खरंच. आपल्याला मेंढीही लागत नाही आणि सुईही नाही.

डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, मिलिग्रॅममध्ये नाही. ग्रंथी अगदीच बंद पडली असेल तर मोठ्या माणसाला साधारण दर किलो वजनाला १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे साठ किलोच्या बाईला शंभरच्या आसपास, पण ग्रंथी अर्धीमुर्धी चालत असेल तर कमी पुरतो. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर साडेबारा किंवा पंचवीसपासून हळूहळू चढवतात. म्हणून शेजारणीचा डोस आपल्याला चालेल असं समजू नका आणि घरात दोघांना गोळी असेल तर डब्यांवर मार्करने मोठ्ठं नाव लिहा. आमच्याकडे सासूबाईंची पंचवीसची आणि माझी पंचाहत्तरची, डब्या सारख्याच दिसतात.

घ्यायची कशी ते नीट सांगते, कारण सगळं इथेच बिघडतं. सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. साध्या म्हणजे साध्याच. लिंबू-मध नाही, मेथीचं पाणी नाही, जिऱ्याचं नाही, दुधीचा रस नाही, भिजवलेले बदामही नाहीत. मग निदान अर्धा तास, जमलं तर एक तास काही नाही. चहा-कॉफीही नाही! चहा आपल्याकडे खाण्यात कोणी धरतच नाही, "उपाशीच आहे, फक्त चहा घेतला" असं आपण सर्रास म्हणतो, पण त्यात दूध आहे, दुधात कॅल्शियम आहे आणि ते या गोळीला आतड्यात शोषू देत नाही. कॉफी तर बिनदुधाची असली तरी अडवते. मला सगळ्यात जड हेच गेलं. शेवटी मी गोळीची डबी आणि पाण्याचा छोटा तांब्या उशाशीच ठेवला, साडेपाचचा अलार्म वाजला की पडल्यापडल्या नाही, उठून बसून, गोळी घ्यायची, मग अंघोळ, देवपूजा, डबे, आणि साडेसहाला चहा. तो तास कसा निघून जातो कळत नाही. जे सकाळी फिरायला जातात त्यांनी गोळी घेऊन बाहेर पडावं, परत येईपर्यंत वेळ झालेली असते.

सकाळ जमतच नसेल, शिफ्ट असेल, लहान मूल असेल, तर रात्री झोपताना घेतली तरी चालते, फक्त शेवटचं खाणं होऊन तीन-चार तास झालेले हवेत. म्हणजे रात्री साडेनऊला जेवून दहाला गोळी, हे नाही चालणार. आणि रात्री इसबगोल घेणाऱ्यांनी हा पर्याय घेऊच नये, कारण इसबगोल गोळीला धरून ठेवतो. थायरॉइडमुळे पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल आणि इसबगोलमुळे थायरॉइडची गोळी लागू नाही, असं होऊन बसतं. सकाळी गोळी घेणाऱ्यांनी रात्री खुशाल घ्या. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांनी झोपताना की सहरीच्या अर्धा-एक तास आधी हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावं. एकादशी, चतुर्थी, नवरात्रात गोळी चालूच ठेवायची, उपवासाला पाणी चालतं तर गोळीही चालते, आणि निर्जळ उपवास असेल तर दोन घोट पाण्याने काही देव रागवत नाही.

कॅल्शियम, लोह, लोह असलेलं मल्टीव्हिटॅमिन, आम्लपित्ताचं पातळ गुलाबी-पांढरं औषध, या सगळ्यांत आणि थायरॉइडच्या गोळीत चार तास. अर्धा तास नाही, चार तास. मी कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर आणि लोह संध्याकाळी असं हलवलं. पित्ताची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर तेही सांगा, पोटातलं आम्ल कमी झालं की ही गोळी कमी शोषली जाऊ शकते, मग डोस त्याप्रमाणे बसवावा लागतो. दोन्ही गोळ्या "सकाळी उपाशीपोटी" अशाच लिहिलेल्या असतात त्यामुळे लोक एकत्र गिळतात, कशी घ्यायची ते विचारून घ्या.

माझं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं कारण त्यात एक धोका आहे. सवय सुधारली, डोस एकशे बाराच होता, आणि दोन महिन्यांनी टीएसएच आलं ०.१! म्हणजे आता गोळी पूर्ण लागू होत होती आणि ती मला जास्त होत होती. धडधड व्हायची, रात्री झोप नाही, हात थरथरायचे, मला वाटलं टेन्शन आहे. मग डोस उतरवत पंचाहत्तरवर आला आणि आजही तिथेच आहे, टीएसएच दोन-अडीचच्या आसपास. त्यामुळे हे वाचून उद्यापासून चहाची वेळ बदललीत तर सहा-आठ आठवड्यांनी टेस्ट नक्की करा आणि डॉक्टरांना सांगा की मी घ्यायची पद्धत बदललीये. धडधड, थरथर, जुलाब, घाम, उगाच वजन उतरणं असं काही वाटलं तर तेवढं थांबूही नका. आणि वजन उतरतंय म्हणून मुद्दाम जास्त गोळी घेणं, हे मी ऐकलंय लोकांकडून, ते कृपया कोणी करू नका, हृदय आणि हाडं दोन्ही जातात.

सहा ते आठ आठवडेच का? टी४ रक्तातून अर्धं कमी व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे नवीन डोसची पातळी नीट बसायला पाच-सहा आठवडे जातात. पंधरा दिवसांत टेस्ट केली तर अर्धवट चित्र दिसतं आणि उगाच डोस हलवला जातो. एकदा आकडा स्थिर झाला की सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा पुरतं. ब्रँड बदलला तरी सहा आठवड्यांनी एकदा बघून घ्या, म्हणून केमिस्टने "तेच आहे हो, दुसऱ्या कंपनीचं" म्हटलं तर शक्यतो आपलाच ब्रँड मागवून घ्या.

त्याच सात दिवसांच्या हिशोबामुळे एखादा दिवस चुकला तर आकाश कोसळत नाही. त्याच दिवशी आठवलं आणि पोट रिकामं असेल तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर काय करायचं हे डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा, बरेच जण एकदाच दोन घ्यायला सांगतात, पण हृदयाचा त्रास असेल तर स्वतःच्या मनाने नको. गणपतीला कोकणात गेलो आणि डबी मुंबईतच राहिली तर दोन-तीन दिवस निभावतं, पण आता बरं वाटतंय म्हणून महिना महिना बंद करणं वेगळं. बरं वाटतंय ते गोळीमुळेच वाटतंय. काहींचं थायरॉइड बाळंतपणानंतर तात्पुरतं बिघडतं आणि नंतर सुधारतं, त्यांची गोळी बंदही होते, पण ते डॉक्टर टेस्ट करत करत ठरवतात.

डबी ठेवायची कुठे हेही बघा. गोळी उष्णता, दमटपणा आणि उजेडाने खराब होते. गॅसच्या ओट्याशेजारी, फ्रिजच्या वर, बाथरूममध्ये, खिडकीत, या जागा नकोत. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर घरातली सगळ्यात गार, अंधारी जागा शोधा. आणि मूळ डबीतच ठेवा, महिन्याभराच्या गोळ्या काढून प्लास्टिकच्या कप्प्यांत भरू नका.

गरोदरपणाबद्दल वेगळं सांगते कारण इथे चूक परवडत नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइडवर अवलंबून असते, बाळाची स्वतःची ग्रंथी तेव्हा तयार नसते. म्हणून मूल हवंय असं ठरलं की आधीच टीएसएच करून घ्या, साधारण २.५ च्या खाली हवं. पाळी चुकली, टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन, सोनोग्राफीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही, कारण डोस बहुतेकींना पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवावा लागतो आणि पहिले पाच महिने दर चार आठवड्यांनी टेस्ट असते. "गरोदरपणात गोळ्या नकोत" म्हणून घरातली वडीलधारी ही गोळी बंद करायला सांगतात, त्यांना प्रेमाने पण ठाम सांगा की ही बंद केली तर बाळाला त्रास. त्यात या दिवसांत लोह आणि कॅल्शियम दोन्ही चालू असतं, त्यामुळे चार तासांचा नियम तर अजून कडक पाळा. बाळंत झाल्यावर डोस पुन्हा खाली येतो, तेही विसरू नका.

आता आहार. इथे इतक्या अफवा आहेत की लोक जेवण सोडायला लागतात. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी बंद, सोयाबीन बंद, शेंगदाणे बंद, नाचणी बंद, बाजरी बंद, मग मराठी घरात खायचं काय? या भाज्यांत थायरॉइडला आयोडीन वापरण्यात थोडी आडकाठी करणारे घटक असतात हे खरं, पण ते खूप प्रमाणात, कच्चे आणि आयोडीन कमी असताना त्रास देतात. शिजवल्यावर बरेच कमी होतात. आठवड्यातून एक-दोनदा कोबीची भाजी, फ्लॉवरचा रस्सा, हिवाळ्यात संक्रांतीला बाजरीची भाकरी, काही होत नाही. रोज सकाळी कच्च्या कोबीचा किंवा केल नावाच्या परदेशी पालेभाजीचा ग्लासभर रस पीत असाल तर तो थांबवा. सोयाबीन खा, फक्त गोळीपासून चार तास लांब, आणि रोज खायला सुरुवात केली तर डॉक्टरांना सांगा.

मीठ आयोडीनवालं. आपल्याकडे गलगंड हटवायचा सरकारी कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, १९९२ मध्ये त्याचं नाव बदलून आयोडीन कमतरतेच्या सगळ्या विकारांसाठीचा झाला, आणि आज आपल्या हातात येणाऱ्या मिठात निदान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असायला हवं असा नियम आहे. पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह बघा. झाकणाच्या डब्यात ठेवा, ओल्या हाताने घेऊ नका. हल्ली सगळीकडे सैंधव, गुलाबी मीठ आरोग्याला चांगलं म्हणून रोजच्या स्वयंपाकात आलंय, उपवासाला ठीक आहे, पण रोज तेच आणि आयोडीनवालं अजिबात नाही असं केलं तर घरातल्या मुलांना आणि गरोदर बाईला आयोडीन कमी पडू शकतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला २५०, ते साध्या मिठातून, दुधातून, अंड्यांतून, समुद्रातल्या माशांतून निघतं. याच्या उलट, थायरॉइड आहे म्हणून आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेणं हे आगीत तेल आहे. हाशिमोटोमध्ये आयोडीन कमी पडलेलं नसतं, जास्तीचं आयोडीन उलट ग्रंथीला अजून दाबतं. आणि जास्त मीठही नको, दिवसाला एक चमचा, तेवढंच.

वजनाचं खरं सांगते, कारण सगळ्यात जास्त निराशा इथे होते. कमी थायरॉइडमुळे वाढलेलं वजन साधारण दोन ते पाच किलो, त्यातही बरंच अंगात साचलेलं पाणी आणि मीठ. डोस नीट बसला की तेवढं उतरतं. बाकीचं पंधरा किलो थायरॉइडच्या नावावर टाकून चालत नाही, ते जेवण आणि चालण्यानेच उतरेल, आणि उतरतं, थायरॉइड असलेल्यांचंही उतरतं. मी भात बंद केला नाही, फक्त ताटात डाळ, उसळ, भाजी आधी वाढून घेते आणि भात नंतर, रात्रीचं जेवण आठच्या आत, आणि चाळीस मिनिटं चालणं. आधी अंग इतकं जड असायचं की चालणं जमायचंच नाही, तेव्हा गोळी बसेपर्यंत पंधरा मिनिटं चाला, स्वतःला दोष देऊ नका. थायरॉइड बरं करतो म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी, काढे, महागडे डाएट प्लॅन यावर पैसे घालवण्याआधी तेच पैसे ब१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि कोलेस्टेरॉलच्या टेस्टवर घाला. टीएसएच नॉर्मल येऊनही थकवा असेल तर बऱ्याचदा ब१२ किंवा रक्त कमी असतं, शाकाहारी घरात तर फारच, आणि आपण मात्र दोष थायरॉइडला देत बसतो. कोलेस्टेरॉलही थायरॉइड कमी असल्यामुळे चढलेलं असू शकतं, आधी डोस बसू द्या मग त्याची वेगळी गोळी लागते का ते डॉक्टर बघतील.

केसांचं विचाराल तर धीर धरा. आकडा सुधारला तरी केस यायला काही महिने लागतात, माझे सात-आठ महिन्यांनी थांबले.

हे सगळं करूनही डोस वजनाच्या हिशोबापेक्षा फार जास्त लागत असेल, टीएसएच वरखाली उड्या मारत असेल, तर पोटाचा काही आजार आहे का, गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं खराब होतं तो सिलिअॅक आजार आहे का, कुठलं दुसरं औषध आड येतंय का हे बघायला लागतं. मनाच्या आजारावरचं लिथियम आणि हृदयाचं अमिओडॅरोन ही औषधं स्वतःच थायरॉइड बिघडवू शकतात. ती मनाने बंद करायची नाहीत, फक्त टीएसएचवर लक्ष ठेवायचं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची गोळी बरेच दिवस सुटली असेल आणि ते खूप सुस्त पडलेत, अंग गार लागतंय, बोलणं असंबद्ध होतंय, तर सकाळची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, यात जीव जाऊ शकतो.

मी एक साधी वही ठेवलीये. एका ओळीत तारीख, टीएसएच, डोस, ब्रँड, वजन, आणि त्या काळात चालू असलेली बाकीची औषधं. बारा वर्षांचा सगळा इतिहास दोन पानांत बसलाय. आपल्या देशात २०१३ च्या एका अभ्यासात आठ शहरं बघितली होती, मुंबई आणि गोवाही त्यात होतं, आणि मोठ्यांमध्ये साधारण दर नऊ-दहा जणांत एकाला हायपोथायरॉइड निघालं, त्यामुळे माझ्या दोन्ही बहिणींना आणि आईला मी टेस्ट करायला लावली. आईचं ११ निघालं, तिला सगळे वयाचं दुखणं समजत होते. तिच्यासाठीही तशीच वही केलीये, आणि तिच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: गोळी साडेपाचला, चहा साडेसहाला, कॅल्शियम दुपारी जेवल्यावर.